शेत पेरलेलं आहे, मालक ठणठणीत आहे

पीपलखेडीत माणसाची अब्रू त्याच्या बोलण्यावरून ठरत नाही, कपड्यांवरून तर नाहीच नाही. भात निघाल्यावर गहू पेरण्याआधी त्यानं शेतात ट्रॅक्टरच्या किती पाळ्या घातल्या, यावरून ठरते. सहा पाळ्या घालणारा आळशी. आठ पाळ्यांवाला साधा संसारी माणूस. दहा पाळ्या घालून, वर दोनदा फळी फिरवून ज्यानं मातीचं पीठ केलं, त्याच्या घरी सोयरीक करायला लोक आपणहून येतात. जिले सिंह बारा पाळ्या घालायचा. शेवटच्या दोन मातीसाठी नसून रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी आहेत हे त्यालाही ठाऊक होतं, पण रस्ता वाहता होता आणि ट्रॅक्टर घरचा होता.

या जिले सिंहाचा धाकटा भाऊ रिसाल सिंह सरकारी शाळेत भूगोल शिकवायचा. गावात कुणी त्यांना रिसाल म्हणत नसे, सगळे मास्तरजी म्हणत. या ‘जी’मध्ये आदर किती आणि ‘याला शेतीतलं काही कळत नाही’ हा भाव किती, याचा हिशोब मास्तरांनी बावीस वर्षं टाळला होता. बापानं जमीन वाटली तेव्हा रस्त्याकडेचे चार एकर त्यांच्या वाट्याला आले होते. पगार घर चालवत होता, चार एकर गेले असते तरी चूल विझली नसती. पण शाळेतून सुटल्यावर सायकल बांधाला टेकवून, चपला काढून त्या मातीत उभं राहिलं की मास्तरांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. वर्गात ते कधीच वाटलं नव्हतं.

तर गेली दोन वर्षं या चार एकरांत मंडूसी माजली होती. मंडूसी हे तण मोठं कावेबाज. लहानपणी हुबेहूब गहू. बुडाशी नखानं दाबलं आणि लालसर रस आला तरच समजायचं की ही घरातली नव्हे. औषध मारावं तर जुनी औषधं तिला आता पचायला लागलेली. दोन्ही वर्षं मास्तरांनी अर्धा गहू मंडूसीसकट हिरवाच कापून म्हशीला घातला. भूरी म्हैस त्यावर अशी गुटगुटीत झाली की लोक मुद्दाम बघायला यायचे. मास्तरांना ते कौतुक जिव्हारी लागायचं.

दसऱ्याला चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, हुक्क्याभोवती दहा माणसं बसलेली असताना जिले सिंहानं सुनावलं, "रिसाल, यंदाही तुझा गहू म्हशीनंच खाल्ला, तर बैसाखीनंतर ते चार एकर माझ्यात मिसळायचे. पिकेल त्यातलं निम्मं तुझ्या घरी पोचतं करीन. तू आपला पोरांना नकाशे दाखव."

"भाई, जमीन माझी आहे."

"जमीन तुझीच आहे रे. पीक म्हशीचं आहे."

दहा माणसं हसली. मास्तर उठून घरी आले आणि न जेवता बसले. हे बायकोला कळावं म्हणून दोनदा मोठ्यानं सांगितलं.

मास्तरांच्या खिशात मात्र एक पत्रक होतं. शेतकरी मेळ्यात एका किडकिडीत शास्त्रज्ञानं ते वाटलं होतं. तो म्हणाला होता, "मंडूसीचं बी जमिनीत खोल झोपलेलं असतं. तुम्ही दहा पाळ्या घालून त्याला वर आणता, मऊ गादी करून देता, पाणी पाजता आणि मग माझ्याकडे रडत येता. नांगरूच नका. भात कापला की त्याच धसकटांत, त्याच ओलीवर, या यंत्रानं गहू पेरा. यंत्र मातीत फक्त चिरा पाडतं." बाकीचे शेतकरी चहाच्या टेबलाकडे वळले. जमिनीची धूप हा धडा बावीस वर्षं शिकवलेल्या मास्तरांना मात्र वाटलं, हा माणूस आपल्या एकट्याशीच बोलतोय.

धनपतीनं, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नांगरायचं नाही, कुळवायचं नाही, फळी मारायची नाही?"

"नाही."

"मग हे यंत्र सरकारनं खास तुमच्यासाठीच काढलेलं दिसतंय."

पण त्या दिवशी चौपालीवरचं हसणं भिंतीपलीकडे तिलाही ऐकू गेलं होतं. थोड्या वेळानं, थोरल्या दिराचं नाव न घेता, ती म्हणाली, "करा. पण जेठजींना कळू देऊ नका. कळलं तर ते स्वतः येऊन नांगरतील."

हे वाक्य तिनं सहज म्हटलं होतं. मास्तरांना ते पुढं फार आठवलं.

यंत्र तालुक्याच्या कृषी कार्यालयात होतं. शेडमध्ये उभं होतं आणि त्याच्या बियाण्याच्या पेटीत चौकीदाराची कोंबडी अंडी उबवत होती. छाबडा साहेबांनी फॉर्म पुढं केला. सातव्या रकान्यात लिहिलं होतं : शेताची उत्तम नांगरट झाल्याबद्दल पटवाऱ्याचा दाखला.

"साहेब, हे यंत्र न नांगरलेल्या शेतासाठीच आहे."

"आहे ना! फार छान यंत्र आहे. पण फॉर्म पेरणी यंत्राचा आहे, आणि नांगरल्याशिवाय पेरणी कशी होईल?"

"मग न नांगरलेल्या शेताचा फॉर्म द्या."

छाबडा साहेबांनी चष्मा काढला. "मास्तरजी, तुम्ही शिकलेली माणसं. जी गोष्ट केलीच नाही, तिचा फॉर्म कसा असेल?"

मास्तरांनी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या खेपेला शिक्का दौऱ्यावर होता. तिसऱ्या खेपेला साहेबांनीच कंटाळून गावच्या तलाठ्याला, म्हणजे पटवारी ईश्वरदासला, शेतावर पाठवलं. ईश्वरदास धसकटांकडे बघत लस्सीचे तीन पेले प्यायला. "मास्तरजी, मी खोटं लिहिणार नाही," असं तीनदा म्हणाला, आणि मग आपल्या देखण्या अक्षरात त्यानं दाखला लिहिला : सदर शेत यापूर्वी अनेक वेळा उत्तम नांगरले गेले आहे. यात खोटं काहीच नव्हतं. आजोबांपासून नांगरत आले होते.

यंत्र एकाच दिवसासाठी मिळालं आणि तो दिवस नेमका देवउठनीचा, म्हणजे कार्तिकी एकादशीचा, निघाला. त्या दिवशी शेजारच्या टेकरामाच्या पुतण्याची वरात होती. गावातले झाडून सगळे पुरुष दोन बसेस भरून जाणार होते. मास्तरांना वाटलं, देवानंच वेळ साधली. सकाळी त्यांनी पोटात कळ आल्याचं जाहीर केलं. अभिनय बरा झाला असावा, कारण टेकराम बसमधून उतरून ओवा देऊन गेला. जिले सिंहानं बसच्या खिडकीतून विचारलं, "शेत कधी नांगरतोयस?" मास्तर कळ दाबत म्हणाले, "ट्रॅक्टर सांगून ठेवलाय, भाई."

चार तासांत चार एकर पेरून झाले. कार्यालयाचा ट्रॅक्टर यंत्र घेऊन गेला. मास्तरांनी बांधावर उभं राहून शेताकडे पाहिलं. भाताची धसकटं होती तशीच उभी. मध्ये बारीक चिरा, त्याही वाकून पाहिल्या तरच दिसणाऱ्या. इतकं धाडस करून काहीच केल्यासारखं दिसत नाही, याचं मास्तरांना थोडं वाईटच वाटलं.

वरात परत आली आणि गावानं शेत पाहिलं. सगळ्यांची शेतं पिठासारखी झाली आणि रस्त्याकडेचे चार एकर मात्र धसकटांत उभे. पीपलखेडीत असं शेत तीनच कारणांनी राहतं : भावाभावांत कोर्टकचेरी, वीटभट्टीला जमीन विकलेली, किंवा मालक अंथरुणाला खिळलेला. जिले सिंह रोज भावाच्या नावानं बोटं मोडत होता, पण वकिलाकडे गेला नव्हता. वीटभट्टीवाला म्हणाला, मला काही ठाऊक नाही. उरलं तिसरं. वरातीच्या दिवशीची पोटातली कळ लोकांना आठवली. दुसऱ्या दिवशी ती छातीत गेली. आणि चौथ्या दिवशी, मतदार यादीच्या प्रशिक्षणासाठी मास्तरांना दोन दिवस जिल्ह्याला जावं लागलं, तेव्हा त्यांना मोठ्या दवाखान्यात नेल्याची बातमी पक्की झाली. बायका धनपतीला विचारायला आल्या. तिला गुपित राखायचं होतं, म्हणून ती ओढणी पुढं ओढून एवढंच म्हणाली, "बरे आहेत." बायकांनी बाहेर येऊन सांगितलं, काय धीराची बाई!

आता डंगवारा म्हणजे या भागातली फार जुनी रीत. पेरणीच्या दिवसांत कुणी आजारी पडला, तर आसपासचे सगळे आपापली जनावरं, हल्ली ट्रॅक्टर, घेऊन येतात आणि त्याचं शेत करून देतात. पैसे घेत नाहीत, आभार मानू देत नाहीत, फक्त जेवतात. पीपलखेडीतली ही सर्वांत चांगली रीत. मास्तरांचा घात तिनंच केला.

प्रशिक्षण आटोपून मास्तर सकाळच्या बसनं परतत होते. बस शेताजवळ आली आणि खिडकीतून त्यांना सात ट्रॅक्टर दिसले. सातही त्यांच्या शेतात होते. सगळ्यांत पुढं जिले सिंहाचा, मागं टेकरामाचा, आणि दीड एकर उलथून झालं होतं. बस पुरती थांबायच्या आत मास्तरांनी उडी मारली आणि ते दोन्ही हात वर करून धावत सुटले.

"थांबा! थांबा! पेरलंय!"

छातीचा आजारी माणूस असा धावताना बघून टेकरामानं ट्रॅक्टरवरून उडी टाकली, आणखी दोघांनी टाकली, आणि तिघांनी मिळून मास्तरांना बांधावरच्या खाटेवर आडवं केलं. एकानं पाय धरले, दुसऱ्यानं तोंडाला दुधाचा लोटा लावला.

"मास्तरजी, उठायचं नाही! आम्ही आहोत ना!"

"अरे, मी बरा आहे! शेत पेरलेलं आहे!"

"कधी पेरलंत?"

"तुम्ही वरातीला गेलात तेव्हा!"

"आणि नांगरलंत कधी?"

"नांगरलंच नाही!"

टेकरामानं पाय धरणाऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "डोक्यात गेलंय. न नांगरता पेरलं म्हणतोय."

जिले सिंहानं ट्रॅक्टरवरूनच पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते, हे नंतर चार जणांनी सांगितलं. त्यानं तोंड फिरवलं आणि भावासाठी अधिक जोरात नांगरू लागला. मास्तर खाटेवरून ओरडत राहिले, दूध नाकात जात राहिलं, आणि दुसराही एकर संपत आला.

एवढ्यात भूरीला तळ्यावर नेणारी धनपती रस्त्यावर आली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. पण पुढं जेठ होता, आणि सत्तावीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्याच्यासमोर चेहरा झाकायचा, आवाज ऐकू द्यायचा नाही, ही घरची रीत. तिनं ओढणी हनुवटीपर्यंत ओढली, भूरीला सरळ शेतात घातलं आणि जिले सिंहाच्या ट्रॅक्टरसमोर आडवी उभी केली. आठ महिन्यांची गाभण म्हैस! ट्रॅक्टर थांबला. मागचे सहाही थांबले.

"भूरी," धनपती खणखणीत आवाजात म्हणाली, "जेठजींना सांग, त्यांचा भाऊ ठणठणीत आहे. वेडा आहे, पण तो पहिल्यापासून आहे."

सात ट्रॅक्टरांची इंजिनं एकेक करून बंद झाली.

"आणि हेही सांग, की हे शेत पेरलेलं आहे. पटत नसेल तर खाली उतरून बघा म्हणावं." तिनं वाकून धसकटांच्या मधल्या चिरेत बोटं घातली आणि मूठ उघडली. ओल्या मातीत गव्हाचे पाच दाणे होते आणि पाचांनाही बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब.

जिले सिंह खाली उतरला. त्यानं कोंब पाहिले, मग उलथलेले दोन एकर पाहिले, मग खाटेवरचा भाऊ पाहिला. दुःखाचा राग व्हायला त्याला फार वेळ लागला नाही.

"मला फसवलंस? पोटात कळ म्हणे! मी तीन दिवस अन्नाला शिवलो नाही, मास्तरा!"

भाऊ आपल्यासाठी जेवला नाही, हे ऐकून मास्तरांना लाज वाटली आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींच्या मध्ये नाकातलं दूध शिंकरावं लागलं.

"आता ऐक," जिले सिंह म्हणाला. "हे दोन एकर आम्ही उलथलेत, तर आम्हीच पेरून देऊ, बारा पाळ्या घालून. ते दोन तुझ्या चिरांचे. बैसाखीला ज्याचा गहू जास्त, त्याचं ऐकायचं. आमचा जास्त निघाला तर चारही एकर माझ्यात."

"ठरलं," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते निघालं कसं, हे त्यांनाही कळलं नाही.

सगळे मग मास्तरांच्याच घरी जेवले. डंगवारा तो डंगवारा.

पुढचे दोन महिने मास्तरांनी आयुष्यात काढू नयेत असे काढले. नांगरलेल्या एकरांना पाणी द्यावं लागलं, वाफसा यायला दिवस गेले, पेरणी उशिरा झाली. पण एकदा उगवलं ते असं दाट, असं हिरवंगार, की बसमधले लोक मान वळवून बघायचे. मास्तरांच्या दोन एकरांत गहू वेळेवर आला होता खरा, पण धसकटांतून डोकावणाऱ्या त्या ओळी विरळ विरळ दिसायच्या. पटवारी गिरदावरीला, म्हणजे पीकपाहणीला, आला आणि रस्त्यावरूनच ते दोन एकर ‘पडीक’ लिहून गेला. मास्तर तक्रार करायला गेले, तर म्हणाला, "मास्तरजी, गिरदावरी एकदाच होते. पुढच्या वर्षी उगवलं तर लिहू."

टेकराम रोज भेटायचा आणि खांद्यावर हात ठेवायचा. त्या हाताचा मास्तरांना टेकरामाच्या बोलण्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा. ते शाळेला तळ्यावरून लांबच्या वाटेनं जाऊ लागले. वर्गात जमिनीचा धडा आला तेव्हा त्यांनी पोरांना पुढचा, समुद्राचा, धडा काढायला सांगितला.

आणि मग जानेवारीत, धुक्याच्या एका रविवारी, धनपती त्यांना हाताला धरून शेतावर घेऊन गेली.

"भूरीला रोज याच बांधावरून नेते मी. ती रोज उजवीकडे ओढते, जेठजींनी नांगरलेल्या बाजूला. डावीकडे मान वळवत नाही."

"तिकडे दाट आहे. मला काय सांगतेस?" मास्तर दुखावून म्हणाले.

"अहो, दोन वर्षं ती काय खाऊन वाढली?"

मास्तर थबकले. ते उजवीकडच्या वाफ्यात उकिडवे बसले, एक रोप बुडाशी धरलं आणि नखानं दाबलं. लालसर रस आला. दुसरं दाबलं, लाल. तिसरं हिरवं निघालं, चौथं पुन्हा लाल. मग डावीकडे जाऊन त्यांनी तीस रोपं दाबली. दोन लाल निघाली. ती त्यांनी तिथंच उपटली. नखं रंगवून घेऊन ते बांधावर बसले आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. धनपती शेजारी बसली होती. तिनं घरून गूळ आणला होता, कारण तिनं ही परीक्षा तीन दिवसांपूर्वीच करून ठेवली होती.

फेब्रुवारी संपता संपता मंडूसीनं गव्हाच्या डोक्यावर तुरे काढले आणि मग गावातल्या कुणालाच वाकून बघावं लागलं नाही. लोक रस्त्यावर उभे राहायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे आणि पुढं जायचे. जिले सिंहानं स्वतः आठ दिवस तण उपटलं, पण ते किती उपटणार! बैसाखीला दोन्ही बाजूंची मळणी वेगवेगळी झाली. मास्तरांच्या ढिगामागं उभा राहिलेला जिले सिंह पागोट्यासकट दिसेनासा झाला. बारा पाळ्यांच्या ढिगामागं तो हुक्का घेऊन बसला, तरी हुक्का दिसत होता. सरकारी कागदांत मात्र मास्तरांच्या त्या दोन एकरांवर गहू अजून उगवलेला नाही.

जिले सिंह हुक्का उचलून घरी गेला. चारही एकर मास्तरांकडेच राहिले, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त टेकराम चौपालीवर सांगत राहिला, "आम्ही ते दोन एकर नांगरले नसते, तर कुणाला कळलं असतं? हे सगळं आमच्यामुळं." मास्तरांनी विचार केला, आणि त्यात चुकीचं काही सापडलं नाही.

भाताची कापणी जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी अंगणाबाहेर खाकरल्याचा आवाज आला. थोरला दीर आत येण्याआधी असा खाकरतो. धनपतीनं ओढणी पुढं ओढली. जिले सिंह आला, पण भावाच्या खाटेकडे न जाता सरळ गोठ्यापाशी उभा राहिला. भूरी आणि तिची रेडकी दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"भूरी," तो म्हणाला, "तुझ्या मालकिणीला सांग, बारा पाळ्यांनी माझे गुडघे गेलेत. माझ्या शेतातही मंडूसी आहे. ते यंत्र मला हवंय."

भूरी रवंथ करत होती.

"आणि हेही सांग, की बापानं वाटणी केली ती बरोबर केली. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हाताऱ्यानं धाकट्याचे लाड केले. तसं नव्हतं. शेती दोघांना येत होती."

मास्तर हातातल्या वह्या तपासत होते. एकाच उत्तरावर त्यांनी तीनदा बरोबरची खूण केली, कारण त्यांना समोरचं दिसेना.

"भूरी," ओढणीआडून धनपती म्हणाली, "जेठजींना सांग, यंत्र मिळेल. फक्त शेताची उत्तम नांगरट झाल्याचा दाखला आणा म्हणावं."

जिले सिंह इतका हसला की रेडकी दोरी तोडून पळाली. मग दोघा भावांना ती धरायला गल्लीभर धावावं लागलं.

देवउठनीच्या आधीच दोघांचे मिळून सगळे आठ एकर पेरून झाले. या वेळी मास्तरांनी चूक केली नाही. शाळेतला रंग आणून त्यांनी आपल्या बांधावर पाटी ठोकली : शेत पेरलेले आहे. मालक ठणठणीत आहे. जिले सिंहाला तशीच हवी होती, पण मोठी, कारण तो थोरला. दोन्ही पाट्या रस्त्यावरून दिसत होत्या.

दोन दिवसांनी टेकराम ट्रॅक्टर घेऊन मास्तरांच्या दारात थांबला. इंजिन चालूच होतं.

"मास्तरजी, आहात ना बरे?"

"अरे, पाटी वाचली नाहीस?"

"वाचली," टेकराम म्हणाला. "दोन्ही वाचल्या. तरी म्हटलं, एकदा विचारून घ्यावं."

मास्तरांनी त्याला खाली उतरवलं आणि लस्सी पाजली.